बॉम जीझस कसे पाहावे: सनावळी हातात धरून जुन्या गोव्याची फेरी

जुन्या गोव्यात येणारे बहुतेक लोक बॉम जीझस बॅसिलिकेत वीस मिनिटे काढतात. दारातून आत, सरळ उजवीकडे, वर ठेवलेली चांदीची पेटी बघायची आणि बाहेर. एवढ्या वेळात एक गैरसमज मात्र पक्का होतो: हे चर्च धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियरचे, त्याच्यासाठी बांधलेले. प्रत्यक्षात ते बाळ येशूला वाहिलेले आहे. ‘बॉम जीझस’ म्हणजे चांगला येशू, आणि त्याची मूर्ती मुख्य वेदीवर आहे. पायाभरणी झाली १५९४ मध्ये, फ्रान्सिसला संतपद मिळाले १६२२ मध्ये. चर्च उभे राहिले तेव्हा तो अधिकृतपणे संतच नव्हता. त्याचा देह इथे नंतर आला, तो ठेवलेली चांदीची पेटी त्यानंतर आणि पेटीखालचा संगमरवरी चौथरा त्याहून नंतर.

म्हणून हे चर्च थराथराने बघावे लागते. जुन्या वाड्यात आधी जोते, मग ओटी आणि मग नंतर काढलेली माडी ओळखतात, तसे. पुढची पद्धत त्यासाठी आहे. पायी फिरून साधारण साडेतीन तास लागतात. त्यातला दीड तास बॅसिलिकेच्या आत-बाहेर जातो.

निघण्यापूर्वी

पणजीहून जुने गोवे नऊ-दहा किलोमीटर आहे. कदंब स्थानकावरून बस मिळतात आणि त्या बहुधा रायबंदरच्या जुन्या बांधावरून जातात. हा बांध १६३०च्या दशकातला, तीन किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे. खिडकीची जागा मिळाली तर मिठागरांकडे आणि मांडवीकडे बघत जा. जुन्या शहरात जहाजे कोणत्या बाजूने येत, हे इथेच समजते. कोकण रेल्वेने आलात तर करमळी स्थानक दोनेक किलोमीटरवर आहे.

बॅसिलिका साधारण सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत उघडी असते. रविवारी सकाळी मिस्सा असते, त्यामुळे साडेदहाच्या आत पाहुण्यासारखे हिंडता येत नाही. वेळा सणासुदीला बदलतात, म्हणून दारावरचा फलक आधी वाचा. प्रवेशाला तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. हे पर्यटनस्थळ असले तरी आधी पूजास्थान आहे, आणि तोकड्या कपड्यांना दारावर अडवतात. फोटोचे नियमही तिथेच वाचा. फ्लॅश मात्र कुठेच वापरू नका.

सोबत दोन वस्तू असाव्यात. पहिली म्हणजे छोटी दुर्बीण, पक्षी बघायला वापरतात ती, आठपट दाखवणारी. चांदीची पेटी आणि दर्शनी भिंतीचा माथा दोन्ही इतके उंच आहेत की नुसत्या डोळ्यांना ‘चमकते’ आणि ‘कोरीव आहे’ यापलीकडे काही कळत नाही. दुसरी वस्तू म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेली ही सनावळी:

१५४२: फ्रान्सिस गोव्यात उतरला
१५५२: मृत्यू
१५५४: देह गोव्यात
१५९४: बॉम जीझसची पायाभरणी
१६०५: अभिषेक
१६२२: संतपद
१६२४: देह बॉम जीझसमध्ये
१६३७: चांदीची पेटी
१६९८: संगमरवरी चौथरा
१७५९: जेझुइटांची हकालपट्टी
१७८२: देहाचे पहिले जाहीर प्रदर्शन
१९५० चे दशक: बाहेरचा गिलावा काढला

प्रत्येक वस्तूपुढे उभे राहिलात की पान काढा आणि ती कोणत्या सनाखाली बसते ते ठरवा. कोणी काही सांगितले तर तेही याच पानावर तपासा. निम्म्या चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात.

सुरुवात चर्चपासून करू नका

आधी फोंड्याच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याने सेंट पॉल कॉलेजच्या कमानीपर्यंत चालत जा. शेंदरी चिऱ्याची एकटी कमान आणि तिला लागलेले काळ्या दगडाचे खांब, एवढेच तिथे उरले आहे. बाकी सगळे १८३२ मध्ये पाडून नेले. बहुतेक गाड्या या कमानीसमोरून न थांबता जातात. पण फ्रान्सिसचे गोव्यातले घर म्हणावे अशी जागा हीच. भारतातला पहिला छापखानाही १५५६ मध्ये याच कॉलेजात सुरू झाला.

फ्रान्सिसचे आयुष्य इथे उभे राहून एकदा उजळून घ्या. त्याचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा, स्पेनच्या उत्तरेकडील नवारे प्रांतातल्या झेवियर गढीतला. पॅरिसमध्ये शिकताना त्याची इग्नेशियस लोयोलाशी गाठ पडली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी शपथ घेतली. त्यातूनच जेझुइट हा ख्रिस्ती धर्मसंघ उभा राहिला आणि १५४० मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी, पस्तिसाव्या वाढदिवशी, फ्रान्सिस लिस्बनहून निघाला. वाटेत मोझांबिकला मुक्काम पडला आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला.

गोव्यात तो किती दिवस राहिला, हे विचारले तर बहुतेकांचा अंदाज चुकतो. पहिल्या खेपेस जेमतेम चार-पाच महिने. दवाखान्यात आणि तुरुंगात जाणे, गल्लीतून घंटा वाजवत मुलांना धर्मशिक्षणाला बोलावणे, हे सगळे त्या महिन्यांतले. मग तो तमिळ किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या परवर लोकांकडे गेला, तिथून मलाक्का, मोलुक्का बेटे, आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानातले कागोशिमा. गोव्याला तो येऊन-जाऊन असे. ‘गोंयचो सायब’ ही पदवी त्याला मिळाली ती इथल्या वास्तव्यामुळे नव्हे. त्याचा देह इथे आला आणि पुढची शतके इथल्या माणसांनी त्याला आपले मानले, त्यातून ती आली.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर, कँटनला नेणाऱ्या होडीची वाट बघताना तो वारला. देह लवकर विरघळून नुसती हाडे नेता यावीत म्हणून शवपेटीत चुना भरला. अडीच महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा देह तसाच होता. तिथून तो मलाक्काला नेला, पुन्हा पुरला, पुन्हा काढला आणि १६ मार्च १५५४ रोजी गोव्यात आणला. त्या दिवशी मिरवणूक आली ती सेंट पॉलला. बॉम जीझस तेव्हा कागदावरही नव्हते.

इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणाऱ्या न्यायालयाचा, विषय इथे हमखास निघतो, आणि दोन टोकांची विधाने ऐकू येतात. ‘इन्क्विझिशन फ्रान्सिसने आणले’ हे एक, ‘त्याचा काही संबंध नव्हता’ हे दुसरे. दोन्ही चूक. १६ मे १५४६ रोजी आंबोन बेटावरून पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी केली, हे खरे. न्यायालय प्रत्यक्ष स्थापन झाले १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. दोन्ही तारखा सनावळीच्या मागे लिहून ठेवा. श्रद्धा असो की राग, या तारखा दोघांनाही माहीत असायला हव्यात.

दर्शनी भिंत: खालून वर

आता परत बॉम जीझसकडे या. दर्शनी भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ती सावलीत असते, दुपारी तीननंतर तिच्यावर तिरपे ऊन येते आणि कोरीवकामाला उठाव मिळतो. फेरी दुपारी करणे सर्वांत चांगले, कमान दोनला आणि भिंत तीनला. सकाळीच यायचे असेल तर आतले आधी बघा.

दारापासून तीस-पस्तीस पावले मागे उभे राहा आणि नजर खालून वर न्या. तळाला तीन दारे आहेत, मधले मोठे. त्यावर तीन चौकोनी खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या आणि सगळ्यांत वर चौकोनी माथा. प्रत्येक मजल्याच्या खांबांची घडण वेगळी आहे. दुर्बीण माथ्यावर लावा. तिथे ‘आय एच एस’ ही तीन रोमन अक्षरे आहेत. येशूच्या ग्रीक नावाची ही पहिली तीन अक्षरे, आणि तीच जेझुइट संघाची मुद्रा. बांधणाऱ्याची सही म्हणून ती वाचा. फ्रान्सिसचे नाव या भिंतीवर शोधत बसू नका.

आता दगड बघा. भिंतीचा तांबूस दगड म्हणजे जांभा, गोव्यात आणि कोकणात ज्याला चिरा म्हणतात तो. खांब, चौकटी आणि कोरीव पट्ट्या काळ्या दगडाच्या आहेत, आणि तो दगड वसईहून आणला असे सांगतात. जांभ्यावर बारीक नक्षी टिकत नाही, त्याच्या भोकांमुळे कडा तुटते. म्हणून बारीक काम जिथे करायचे, तिथे हा काळा दगड, बसाल्ट. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती आणि दगड गलबतांतून समुद्रमार्गे नेता येई. वसईच्या किल्ल्यातली चर्चे बघितलेल्याला या काळ्या खांबांची ओळख लगेच पटेल.

दर्शनी भागाला जुळे मनोरे नाहीत. घंटेचा मनोरा एकच आहे आणि तो मागच्या बाजूला. समोरून तो दिसत नाही, म्हणून पडला असेल असे समजू नका. मनोरा पडला तो पलीकडच्या से कॅथेड्रलचा.

चिऱ्याचा लाल रंग मूळचा नाही

बॉम जीझसचे सगळ्यात प्रसिद्ध रूप म्हणजे उघडा लालसर चिरा. जुन्या गोव्यातली बाकीची चर्चे पांढरी, हे एकटे लाल. बघणाऱ्याला वाटते, हे चारशे वर्षे असेच असणार. तसे नाही. हेही चुन्याच्या गिलाव्याने झाकलेले पांढरेच चर्च होते. १९५० च्या दशकात, संताच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली त्या सुमारास, बाल्ताझार काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या हाताखाली गिलावा काढला गेला. इमारत अधिक पुरातन दिसावी हा त्यामागचा हेतू.

हा निर्णय वाईट होता, आणि का ते उत्तरेकडच्या भिंतीजवळ गेल्यावर दिसते. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. उघड्यावर ठेवल्यावर वरचा थर कडक होतो. पण आत तो सच्छिद्र आणि मातकटच राहतो. म्हणून कोकणी घरांना आणि चर्चांना चुन्याचा गिलावा देतात. पाऊस गिलाव्यावर पडतो, गिलावा झिजतो, दर काही वर्षांनी नवा द्यायचा आणि आतला दगड सुरक्षित राहतो. गिलावा गेला की गोव्याचा तीन मीटरच्या आसपासचा वार्षिक पाऊस थेट चिऱ्यात मुरतो. आधी शेवाळ धरते, मग भोके मोठी होतात, मग सांध्यांतला चुना वाहून जातो आणि शेवटी चिऱ्याचे तोंड भुसभुशीत होऊन गळते.

हे सगळे टप्पे एकाच भिंतीवर शोधता येतात. सांध्याची कड चिऱ्यापेक्षा पुढे आलेली दिसली तर चिरा झिजला आहे. सांधा खोल गेलेला दिसला तर चुना गेला आहे. भिंतीला हात लावून खरवडू नका, तिथले कण नखानेही सुटतात. पुन्हा गिलावा द्यावा की नाही यावर गोव्यात बराच वाद झाला आहे. लोकांना लाल रूपाची सवय झाली आहे आणि तेच आता चित्रांतले, कॅलेंडरांवरचे बॉम जीझस आहे. तरीही दगड टिकवायचा असेल तर गिलावा हवाच, आणि तो चुन्याचाच. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो, क्षार फुटतात आणि तो निघताना चिऱ्याचे तोंडच घेऊन निघतो. आपल्या गावच्या जुन्या चिरेबंदी देवळाला सिमेंट फासायचा बेत असेल, तर गावकऱ्यांना ही भिंत दाखवायला आणा.

याच बाजूला भिंतीला टेकू देणारे तिरपे धिरे आहेत. ते मूळ बांधकामातले नाहीत, नंतर दिलेले आहेत. दक्षिणेला जोडलेली दुमजली इमारत मात्र चर्चच्याही आधीची, जेझुइट संघाच्या व्रतस्थांची. १६६३ मध्ये तिचा काही भाग जळाला आणि १७८३ मध्ये पुन्हा बांधला गेला.

आत: दारातच थांबा

आत शिरताच सगळे पुढच्या सोनेरी वेदीकडे ओढले जातात. दोन पावलांवर थांबा. डोक्यावर गायकवृंदाचा सज्जा आहे आणि तो ज्या खांबांवर उभा आहे, त्यातल्या दोघांवर कोरीव शिळा आहेत, पोर्तुगीजमध्ये आणि लॅटिनमध्ये. या चर्चचा जन्मदाखला म्हणजे या शिळा. काम २४ नोव्हेंबर १५९४ रोजी सुरू झाले आणि मे १६०५ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशू द मेनेझिश यांनी अभिषेक केला, असे त्यांत नोंदले आहे. अभिषेकाची तारीख १५ मे.

भाषा येत नसली तरी शिळा वाचायचा प्रयत्न करा. आधी फक्त आकडे शोधा, मग महिन्याचे नाव, मग येशूचे नाव. जुन्या कोरीव लेखात आजच्या ‘यू’ च्या जागी ‘व्ही’ असतो आणि शब्द आखडून वर छोटी रेघ देतात, म्हणून ओळखीचा शब्दही आधी अनोळखी वाटतो. अक्षरे समोरून अंधूक दिसली तर बाजूला सरकून तिरपे बघा, सावलीने खाच उठून दिसते. खडू, पाणी, बोट यांतले काहीही दगडाला लावायचे नाही.

चर्च आतून सुमारे ५५ मीटर लांब आणि १७ मीटर रुंद आहे. मधे खांबांची रांग नाही. जेझुइटांना प्रवचन महत्त्वाचे, मागे बसलेल्यालाही ते ऐकू यावे आणि प्रवचनकार दिसावा म्हणून सभामंडप मोकळा ठेवला. हे पडताळायचे तर मंडपाच्या मध्यावर या. दक्षिणेच्या भिंतीवर लाकडी प्रवचनपीठ आहे. त्यावर येशू, शुभवर्तमानांचे चार लेखक आणि चर्चचे चार आचार्य कोरले आहेत आणि तळाशी सात आकृत्या पीठ पेलून धरल्यासारख्या. नेमक्या त्याच्यासमोर, उत्तरेच्या भिंतीवर, सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझचे एक स्मारक आहे.

हे स्मारक दों जेरोनिमु माश्कारेन्यश याचे. तो कोचीनचा कप्तान होता, १५९३ मध्ये वारला आणि त्याने मागे ठेवलेल्या पैशांतून हे चर्च बांधले गेले. त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण सनावळी लावली की साखळी जुळते: १५९३ मध्ये मृत्युपत्र, १५९४ मध्ये पाया. चर्च कोणासाठी बांधले याचे उत्तर मुख्य वेदीवर आहे, आणि कोणाच्या पैशाने याचे उत्तर या भिंतीवर.

मुख्य वेदीसमोर उभे राहिल्यावर डोळे दिपतात, आणि पुष्कळांची इथे ओळख चुकते. मधली भलीमोठी मूर्ती फ्रान्सिसची नाही, ती इग्नेशियस लोयोलाची. तो वर बघतो आहे, त्याच्या नजरेच्या रेषेत पुन्हा तीच तीन अक्षरे एका चक्रात आहेत आणि त्याहून वर पवित्र त्रैक्य. बाळ येशू इग्नेशियसच्या पायाशी, इतका लहान की न सांगता दिसत नाही. चर्चचा खरा धनी तो. आधी तो शोधा, मग बाकी सोने बघा.

संताचे दालन

वेदीकडे तोंड केल्यावर उजव्या हाताचे दालन संताचे. रांग असली तर ती हलती ठेवतात, जवळ गेल्यावर थांबू देत नाहीत. म्हणून दुर्बीण रांगेत लागण्याआधी, मंडपातूनच वापरा. तिथून पेटीचा कोन चांगला मिळतो आणि कोणाची अडवणूकही होत नाही.

हा भागही खालून वर वाचायचा, पण सन उलटे लागतात. खालचे सगळ्यांत नवे. चौथरा १६९८ चा. टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी तो दिला, त्यांचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी दहा वर्षे खपून घडवला. संताच्या डोक्याखालची उशी कोझिमोंना भेट गेली होती, त्याची ही परतफेड. सुटे भाग जहाजाने आले आणि ते जुळवायला फ्लॉरेन्सहून प्लाचिदो राम्पोनी हा कारागीर सोबत आला. रंगीत दगडांच्या चौथऱ्यावर चार बाजूंना चार ब्राँझचे पत्रे आहेत: प्रवचन, बाप्तिस्मा, जिवावर उठलेल्यांपासून सुटका आणि शांगच्वान बेटावरचा मृत्यू. मघाशी सेंट पॉलच्या कमानीखाली जे आयुष्य उजळले, ते इथे चार चित्रांत आहे. मृत्यूचा पत्रा आधी ओळखा, तो सोपा जातो. मग बाकीचे लावा.

वरची चांदीची पेटी चौथऱ्यापेक्षा साठ वर्षांनी जुनी, १६३६-३७ ची. मार्सेलो मास्त्रिली या इटालियन जेझुइटाच्या पुढाकाराने ती गोव्याच्या सोनारांनी घडवली. प्रत्येक लांब बाजूला सात खण, प्रत्येक खणात दोन पत्रे, आणि चारही बाजू मिळून ३२ प्रसंग. विषय युरोपातून आलेला, हात इथल्या सोनारांचा. दुर्बिणीतून माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा वेलबुट्टी आणि कडा बघा, इथला हात तिथे जास्त कळतो. एकेकाळी पेटीत मौल्यवान खडेही जडवलेले होते.

पेटीच्या आत देह आहे, पण अखंड नाही. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ मध्ये संघप्रमुखांच्या आज्ञेने काढून रोमला पाठवला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. हाताचे वरचे हाड पुढे मकाऊला गेले. १५५४ मध्ये एका बाईने दर्शनाच्या वेळी पायाचे बोट चावून तोडले, ही कथा वाटाडे रंगवून सांगतात. ती कथा म्हणूनच ऐका. चर्च आज ‘पवित्र अवशेष’ हा शब्द वापरते आणि बोलताना तोच वापरलेला बरा. ‘ममी’ हा शब्द चूक आहे, देहावर ममीसारखी प्रक्रिया झालेली नाही, आणि रांगेत उभ्या असलेल्या भाविकाला तो लागतो.

मराठे दारात आले तेव्हा

मराठी माणसाने या दालनात एक सन आणखी लिहावा: १६८३. त्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले. हे बेट शहराच्या अगदी जवळ आहे. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याच्याकडे शहर राखण्याइतके सैन्य नव्हते. तो बॉम जीझसमध्ये आला, शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हाती ठेवला: राज्य आता तूच सांभाळ. पुढच्या काही आठवड्यांत शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरली आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. गोव्यात त्याचे श्रेय संताला मिळाले. नवा व्हाइसरॉय संताच्या पेटीपाशी येऊन राजदंड घेई, ही प्रथा तिथूनची.

‘गोंयचो सायब’ म्हणजे गोव्याचा धनी. हा शब्द केवळ भक्तीचा नाही, त्यात राज्यकारभाराचाही अर्थ कसा मिसळला, ते या प्रसंगातून कळते. रस्त्यापलीकडे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तिथे व्हाइसरॉयांची चित्रे ओळीने लावलेली आहेत, ती या प्रसंगानंतर बघावीत. (हा फ्रान्सिस वेगळा, इटलीचा, तेराव्या शतकातला. दोघांची गल्लत रोज होते.)

शेवटचा टप्पा: से कॅथेड्रल आणि प्रदर्शन

१७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकलले. बॉम जीझस त्यांच्या हातून गेले. जाताना त्यांनी संताचा देह पळवला, पेटीत दुसराच कोणी आहे, अशी वदंता उठली. ती मोडण्यासाठी फेब्रुवारी १७८२ मध्ये देह तीन दिवस सर्वांना दाखवला. जाहीर प्रदर्शनाची सुरुवात ही अशी. मग १८५९, १८७८, १८९०, पुढे साधारण दहा वर्षांनी, आणि १९६४ पासून नेमाने दर दहा वर्षांनी. शेवटचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. याच क्रमाने पुढचे २०३४ च्या अखेरीस येते.

प्रदर्शनाच्या काळात अवशेष बॉम जीझसमध्ये नसतात. मिरवणुकीने ते समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. दर वर्षीच्या फेस्ताला, म्हणजे संताच्या सणाला, पेटी खाली येत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने पुष्कळ लोक डिसेंबरात येऊन ‘दर्शन नाही मिळाले’ म्हणत परत जातात. फेस्त ३ डिसेंबरला, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना. रोज अनेक मिस्सा उघड्या मंडपात होतात, भाषा आणि वेळ फलकावर असते. सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागातून पायी येणारेही असतात. चर्च शांतपणे बघायचे असेल तर हे दिवस टाळा. लोक बघायचे असतील तर नेमके हेच दिवस निवडा, गाडी लांब लावून चालत या आणि जत्रेतून गुळाचे खाजे घ्या.

से कॅथेड्रलमध्ये रक्षक संत आणि इमारत यांचे नाते मात्र सरळ आहे. अफोन्सु द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या दिवशी, शहर जिंकले. म्हणून हे चर्च तिचे. दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा बांधला नाही, त्यामुळे इमारत एका बाजूला रिकामी वाटते.

तिथून नदीकडे उतरा, पाच-सात मिनिटांवर दिवाडी बेटाच्या फेरीबोटीचा धक्का आहे. १५४२ मध्ये फ्रान्सिस उतरला आणि १५५४ मध्ये त्याचा देह आला, तो याच काठाला. धक्क्याआधी लागणारी व्हाइसरॉयची कमान मात्र त्याने पाहिलेली नाही. ती सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, वास्को द गामाचा पणतू व्हाइसरॉय असताना उभी राहिली. बॉम जीझसचे बांधकाम तेव्हा चालू होते.